पाचवं शील आईकडे होतं

आईच्या पुण्यानुमोदनाचा विधी कोणी करायचा, यावरून मी आमच्या विहाराच्या कमिटीशी भांडले. भांडण म्हणजे आवाज चढवणं असेल, तर ते झालं नाही. मी खारघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. चोवीस वर्षं हळू बोलण्याचाच पगार घेतला आहे. पण त्या दिवशी मी जे ‘नाही’ म्हटलं, ते अजून मागे घेतलेलं नाही. आई जाऊन आता चार महिने झाले. ते का घेतलं नाही, हे आता लिहायला बसले आहे.

ज्या माणसासाठी मी भांडले तो फार सज्जन होता, असं मी लिहिणार नाही. बेलापूरच्या जुन्या बैठ्या घरांच्या वस्तीत आमच्या समोरच्या घरात ते राहतात. माझे आईवडील कोकणातून आले, ते मराठवाड्यातून. धंद्याने वायरमन. सोसायट्यांचे पंप, मीटरच्या पेट्या, गणपतीच्या मंडपांचं लायटिंग, सगळं करत. वस्ती त्यांना वायरमनच म्हणते. मी काका म्हणते.

काका दारू प्यायचे. थोडीथोडकी नाही. त्यांच्या बायकोने मार खाल्ला, आणि एक दिवस दोन्ही मुलींना घेऊन ती माहेरी गेली ती परत आली नाही. हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. आणि हेच काका वस्तीतल्या निम्म्या घरांची लग्नं लावत, बाळांची नावं ठेवत, माणूस गेला की अंत्यविधी करत. कारण साधं होतं. विहार म्हणजे चार पत्र्यांची शेड होती तेव्हा सगळ्या गाथा फक्त त्यांनाच तोंडपाठ होत्या. त्यांच्या आजोबांनी शेतावर जाता-येता त्या पाठ करून घेतल्या होत्या. बोलावलं की ते यायचे, पांढरा शर्ट घालून, खिशात पक्कड तशीच.

मी बारावीत असताना एका लग्नात ते पिऊन आले. त्रिशरण नीट झालं, चार शीलंही झाली. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. ते देताना काका मध्येच थांबले आणि हसले. हसता हसता टेबलावर रेलले, मेणबत्त्या पडल्या, टेबलावरचं पांढरं कापड जळालं. मुलाकडच्या लोकांनी त्यांना खांद्याला धरून बाहेर नेलं. नवरी रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गल्ली ओलांडून त्यांच्या दारात गेली. मी नळावर बादली लावून उभी होते, मला सगळं ऐकू आलं.

“भाऊ, काल पाचवं देताना हसलास तू.”

“चुकलं अक्का.”

“हसलास ते नाय चुकलं. दारू ढोसून दारू सोडा सांगायचं म्हणजे कुणालापण हसू येईल.”

“आजपासून विधी बंद करतो. दुसरा बघा कुनीतरी.”

“बंद कर, आणि मेल्यागेल्याला आम्ही काय रेडिओ लावायचा? चार तू दे. पाचवं माझ्याकडे ठेव. मी देईन, मी कधी शिवले नाय त्याला. तुझी सुटली की ये मागायला.” आई वळली, पुन्हा थांबली. “आणि विधीच्या दिवशी तोंडाला वास आला ना, तर ती चारपण काढून घेईन.”

तेव्हापासून आमच्या वस्तीत ही रीत पडली. जगात कुठे असेल असं मला वाटत नाही. काका चार शीलं देत आणि थांबत. मग बायकांच्या बाजूने आई उठे, डोक्यावरचा पदर सारखा करी आणि आपल्या कोकणी हेलात पाचवं देई. सगळे तिच्यामागून म्हणत, काकाही म्हणत, मान खाली घालून. बाहेरगावचे पाहुणे एकमेकांकडे बघायचे. वस्तीतल्या बायका म्हणायच्या, “चार वायरमनची, पाचवं मेन स्विचचं.” आईला त्यावरून बरीच वर्षं मेन स्विच हेच नाव होतं.

मी कॉलेजात जायला लागले, पुस्तकं वाचायला लागले, तेव्हा मला हे बरोबर वाटेनासं झालं. मी आईला विचारलं, “पाचवं नाही चालत, मग पहिलं कसं चालतं? जिवाला इजा करायची नाही म्हणतात. बायकोला मारलं ती इजा नव्हती?”

आई भाकरी थापत होती. म्हणाली, “होती. ती बाई माझ्याच घरात येऊन रडायची. मी त्याला सांगितलंय, तिच्याविषयी चांगलं बोलल्याशिवाय माझ्या उंबऱ्यात यायचं नाय. आता तू सांग, तुला पाचातली किती जमतात? तेवढी तुझ्याकडून घेऊ.”

मी मनात मोजायला लागले. खोटं न बोलण्याचं चौथं शील त्याच आठवड्यात मोडलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी काकांची दारू सुटली. यकृताचं दुखणं झालं, महिनाभर दवाखान्यात होते, आले ते हाडांचा सापळा होऊन, पण पुन्हा प्यायले नाहीत. आई वाट बघत राहिली. ते मागायला आले नाहीत. विधीला चारवर थांबायचे ते थांबतच राहिले. आई एकदा मला म्हणाली, “माझ्या वेळी त्यालाच बोलव गो. बघू तरी, पाचवं कुणाला म्हणायला लावतो.” आणि स्वतःच हसली.

आई दुपारी गेली, घरातच, टीव्ही चालू असताना. काका गल्लीतून धावत आले. पहिल्यांदा टीव्ही बंद केला, मग आईच्या हनुवटीखाली दुमडलेला रुमाल ठेवला. स्मशानात त्यांनी त्रिशरण म्हटलं आणि हात जोडून थांबले. पंचशील त्यांनी घेतलंच नाही. तिथल्या गडबडीत ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

सातव्या दिवशी पुण्यानुमोदन करायचं ठरलं. गेलेल्या माणसाच्या नावाने सगळे जमतात, गाथा होतात, जलदान होतं, लोक दोन शब्द बोलतात. विहाराचा आता सिमेंटचा चांगला हॉल झाला आहे. तो मागायला मी आणि माझा धाकटा भाऊ कमिटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. सेक्रेटरी एका ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, नीटनेटके आणि मनाने चांगले. आईच्या अंत्ययात्रेत ते शेवटपर्यंत चालले होते.

“हॉल तुमचाच आहे ताई,” ते म्हणाले. “विधीला बौद्धाचार्य आम्ही देतो. प्रशिक्षण झालेला मुलगा आहे, उच्चार एकदम क्लिअर.”

“विधी काका करतील. आईने सांगून ठेवलंय.”

ते जरा अवघडले. “त्यांच्याकडे दाखला नाही ना.”

“इतकी वर्षं कुठे होता?”

“इतकी वर्षं नियम नव्हता.” त्यांनी कपाटातून फाईल काढली, पान उलटलं आणि माझ्यासमोर ठेवलं. नियम नववा. ‘विहाराच्या वास्तूत कोणताही विधी करणाऱ्या व्यक्तीकडे मान्यताप्राप्त प्रशिक्षणाचा दाखला असणे बंधनकारक राहील; या नियमास कोणत्याही कारणास्तव अपवाद केला जाणार नाही.’

मी वाचलं. अर्धविराम ओळखला. आमच्या वस्तीत अर्धविराम दुसरं कोणी वापरत नाही.

“हे तुमचंच वाक्य आहे ताई,” सेक्रेटरी हळूच म्हणाले. “कमिटीत सगळ्यांना फार आवडलं होतं.”

तीन वर्षांपूर्वी हेच सेक्रेटरी माझ्याकडे आले होते. शेजारच्या सिडको वसाहतीत एका लग्नात कोणी भाड्याचा माणूस येऊन गाथांची खिचडी करून गेला होता, वर नारळही फोडायला लावला होता. लोक चिडले होते. ‘नियमावली जरा चांगल्या मराठीत लिहून द्या,’ असं ते म्हणाले. मी रविवारभर बसून चौदा नियम लिहिले. नववा लिहून झाल्यावर मी तो मोठ्याने वाचलाही होता, घरात कोणी नसताना. त्या वेळी समोरच्या घरातला माणूस माझ्या डोक्यातही आला नव्हता. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाची चूक अशीच असते. वाक्य बरोबर आलं की त्याला वाटतं, न्यायही बरोबर आला.

“मग ही तीन वर्षं काका...”

“हॉलमध्ये नाही करत. कोणाच्या घरी असेल तर आम्ही डोळेझाक करतो.”

तेव्हा मला कळलं, आई तीन वर्षं विहारातल्या कार्यक्रमांना का जात नव्हती. ती म्हणायची, पायऱ्या चढवत नाहीत. घराघरातल्या विधींना मात्र जायची, तीन जिने चढूनही. हा नियम कोणी लिहिला हे तिला माहीत असणारच. ती मला एका शब्दाने बोलली नाही. ती सही करायला शिकली चाळिशीत. शिकलेल्या मुलीने लिहिलेलं खोडावं असं तिला वाटलं नसेल. मला हे अजून सहन होत नाही.

मी फाईल मिटली. “विधी काकाच करतील.”

“ताई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून बोलतो,” सेक्रेटरी म्हणाले. “आपल्या बापजाद्यांना कोणी अक्षराजवळ फिरकू दिलं नाही. आज आपली पोरं शिबिरं करतात, परीक्षा देतात, दाखला मिळवतात. त्याची किंमत आपणच नाही ठेवायची? की आपल्यात कोणीही उठावं आणि काहीही करावं?”

हे बोलणं पोकळ नव्हतं. मी कागदांवर वाढलेली बाई आहे. माझ्या पदव्या आईने तीन ऑफिसांच्या फरश्या पुसून मिळवून दिल्या आहेत आणि त्या मी फ्रेम करून लावल्या आहेत. तरी मी म्हटलं, “किंमत ठेवायची. शिकवायचं, परीक्षा घ्यायच्या, सगळं करायचं. पण ज्याच्याकडे कागद नाही त्याला दाराबाहेर उभं करायचं नाही. दाराबाहेर उभं राहणं कसं असतं, हे आपल्याला कोणी सांगायला नको.”

“आणि बायकोला मारायचा, दारू प्यायचा, ते विसरायचं?”

“विसरायचं नाही. पण ते या नियमात कुठे आहे, दाखवा.” मी फाईल पुन्हा उघडली. “हा नियम मी लिहिलाय, मला माहितीये. यात फक्त कागद विचारलाय. काकांकडे दाखला असता, तर त्यांनी मारलेलं आणि प्यायलेलं तुमच्या नियमाला चाललं असतं. माझ्या आईने कागद कधी विचारला नाही. वास बघितला.”

माझा भाऊ माझी बाही ओढत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, “तायडे, कशाला टेन्शन घेतेस? आई गेली. आता कोण म्हणतंय, याने तिला काय फरक पडतो?”

“मला पडतो,” मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी मी काकांकडे गेले. माझ्या मनात एक युक्ती होती. वस्तीत सगळे सांगतात की काका पूर्वी प्रशिक्षणाच्या शिबिराला गेले होते, पण चौथ्या दिवशी इकडे कोणाची तरी मयत झाली, विधीला माणूस नव्हता, म्हणून शिबिर सोडून ते निघून आले. नाहीतर दाखला त्यांनाही मिळाला असता. ही गोष्ट कमिटीपुढे ठेवली तर लोक विरघळतील असं मला वाटलं. मी काकांना तसं म्हटलं.

ते जुन्या टेबलफॅनची वायर सोलत होते. “खोटं हाय ते,” म्हणाले. “मयत झाली होती, पन ती मला हितं आल्यावर कळली. मी का आलो सांगू? हात थरथरायला लागले. तीन दिवस झाले होते थेंब न्हाई. शिबिरात घालायला दिलेलं चीवर काढलं, घडी घालून ठेवलं आन् यष्टी स्टँडामागच्या दुकानात गेलो. लोकांनी आपली चांगली गोष्ट बनवली. मीबी गप बसलो.” त्यांनी वर बघितलं. “हे जाऊन सांग तुझ्या कमिटीला, लायब्ररी. मंग बघ हॉल मिळतो का.”

मी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी, जसंच्या तसं. सेक्रेटरी चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. “अहो, मग तुम्हीच म्हणताय की...”

“हो. मीच म्हणतेय. आणि तरी विधी तेच करतील. हॉलमध्ये नाही तर आमच्या गल्लीत.”

काका खरं बोलले म्हणून ते मोठे झाले, असं मला म्हणायचं नाही. ती जी बाई दोन मुली घेऊन गेली, तिला विचारलं असतं तर तिने कदाचित कमिटीच्या बाजूने मत दिलं असतं, आणि तिला तो हक्क आहे. माझं म्हणणं एवढंच, की माणसाला पुढे उभं करायचं की नाही हे ज्यांनी ठरवायचं, ते त्याला ओळखणारे लोक असावेत. त्याला जाब विचारणारं कोणी समोर बसलेलं असावं. आमच्याकडे ती व्यवस्था तीस वर्षं होती. तिचं नाव आई होतं. तिच्या जागी मी एक अर्धविराम ठेवला होता.

रविवारी सकाळी गल्लीत मांडव घातला. माईक चालेना, तेव्हा काकांनीच खिशातली पक्कड काढून वायर जोडली आणि मग हात धुऊन विधीला उभे राहिले. दिवाळे गावची मासेवाली, जी आईला कितीतरी वर्षं कोळंबी देत होती, टोपली शेजारच्या ओट्यावर ठेवून मागे बसली. खारघरहून भावाच्या बिल्डिंगमधले लोक आले. सेक्रेटरीही आले. कमिटीचे बाकीचे आले नाहीत. ते एकटेच तिसऱ्या रांगेत, मांडीवर हात ठेवून बसले.

त्रिशरण झालं. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. काका थांबले.

त्यांची मान सवयीने बायकांच्या बाजूला वळली, आणि मग टेबलावरच्या आईच्या फोटोकडे. माईक बारीक घरघरत होता. ज्यांना रीत माहीत होती ते खाली बघू लागले. ज्यांना नव्हती ते एकमेकांकडे.

मी उठले. हे मी आधी ठरवून ठेवलं होतं. “काका,” मी म्हटलं, “ते आईकडे ठेवलेलं होतं. आज घेऊन जा.”

त्यांनी मान हलवली. माईकवर हात ठेवला, पण सगळं ऐकू येत होतं. “नको गं लायब्ररी. नऊ वर्षं झाली, पन उद्याचं कुनी सांगावं. घेतलं आन् परत घसरलो, तर अक्काला काय तोंड दाखवू? तू दे. तू कुठं पितीस.”

हे मी ठरवलेलं नव्हतं. मला तिथे ‘बरं’ म्हणून पाचवं देता आलं असतं. आईची मुलगी, पांढरी साडी, कोणालाही शोभलं असतं. पण चौथं शील नुकतंच घेतलं होतं, मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

“प्यायलेय मी,” मी म्हटलं. “एकदा पुण्यात, एकदा कॉलेजातल्या एकीच्या निरोपाला. आवडलीसुद्धा.”

भावाने कपाळावर हात मारला. बायकांमधून कोणीतरी “अगं बाई!” म्हटलं, आणि मासेवाली मोठ्याने हसली. मग आणखी दोघीतिघी हसल्या. आईच्या पुण्यानुमोदनात लोक हसले, हे मला अजून बरं वाटतं.

काकाही हसले. लग्नातलं ते हसू नव्हे. “मंग तुझ्याकडंबी दाखला न्हाई,” म्हणाले.

“नाही.”

“ये हिकडं. दोघं मिळून म्हनू.”

मी पुढे जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. दोघांनी हात जोडले आणि पाचवं शील म्हटलं. माझे उच्चार चांगले आहेत, मी पाली शिकले आहे. त्यांचे शेतावर पाठ केलेले. दोन्ही एकमेकांत अडखळत गेले. सगळी गल्ली मागून म्हणाली. सेक्रेटरींनी म्हटलं का, मला माहीत नाही. मी डोळे मिटले होते. मग भावाने आणि मी तांब्यातलं पाणी वाटीत ओतलं, वाटी भरून ताटात सांडेपर्यंत.

चहाच्या वेळी सेक्रेटरी जवळ आले. “ताई, नियमाचं काय म्हणणं असेल ते लेखी द्या,” म्हणाले.

मी दिलं. दोनच ओळी लिहिल्या: नववा नियम मी लिहिला होता. तो चुकीचा आहे, आणि तो मी परत घेते. लिहिणाऱ्याला नियम परत घेता येत नाही, तो कमिटीचा झाला, असं मला तोंडी कळवण्यात आलं. बैठकीत विषय अजून आलेला नाही. मी दर महिन्याला तेच पत्र पुन्हा देते, पोच घेऊन. पोचपावत्या फाईलला लावून ठेवते. ग्रंथपालाला ते काम जड नाही.

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीत एका घरी बाळाचं नाव ठेवायचं होतं. खोली लहान, लोक दाटीने बसलेले. काकांनी चार शीलं दिली आणि थांबले. बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उठले, आईसारखा पदर सारखा करायला हात गेला, पण त्या दिवशी मी ड्रेसमध्ये होते. मी पाचवं म्हणायला सुरुवात केली. अर्धा शब्द उशिरा, काकांचा आवाज येऊन मिळाला.